पिवळ्या पेटीचं शाबूत सील

१

"कॅन फुटला!" अशी आरोळी उठली तेव्हा वहिनी स्टोअरच्या खिडकीपाशी नवे हातमोजे कपाटात रचत होती. खिडकीसमोर अंगण आणि अंगणापलीकडे अ‍ॅसिडच्या गोदामाचं दार. दाराच्या आत नायट्रिक अ‍ॅसिडचा एक मोठा कॅन आडवा पडला होता आणि त्यातून पातळ, धुरकट धार उंबऱ्याकडे वाहत येत होती.

कारखाना धातूचे सुटे भाग अ‍ॅसिडात बुडवून चकचकीत करण्याचा. वहिनी तिथली स्टोअरकीपर. तिचा धाकटा दीर तिथंच माल उचलायची गाडी चालवायचा, म्हणून त्याला सगळे पायलट म्हणत. तो तिला वहिनी म्हणतो म्हटल्यावर बाकीचेही वहिनीच म्हणायला लागले होते.

त्या क्षणी धारेच्या सगळ्यांत जवळ पायलटच होता. तो गोंधळला नाही. भिंतीशी ठेवलेल्या पिवळ्या पेटीकडे, म्हणजे सांडलेलं अ‍ॅसिड टिपायचं सामान असलेल्या स्पिल किटकडे धावला, झाकणाचं प्लास्टिकचं सील हिसडा मारून तोडलं, चष्मा चढवला, हातमोजे घातले आणि भुकटीची पांढरी पिशवी बाहेर ओढली. सांडलेल्या अ‍ॅसिडाभोवती आधी कडं करायचं, मग मधे टाकत यायचं. शिकवलं होतं तसंच सगळं. वहिनीला खिडकीतसुद्धा क्षणभर अभिमान वाटला.

मग एकच गिल्ला झाला. कोणी टाक म्हणत होतं, कोणी थांब म्हणत होतं. पायलटनं पिशवी फाडून उपडी केली.

धूर निघाला. पांढरा नव्हे, काळा नव्हे. तपकिरी, गंजलेल्या पत्र्याच्या रंगाचा, जड, जमिनीलगत सरपटणारा. त्यात एक पिवळी ज्योत लवलवली आणि पायलट दिसेनासा झाला.

वहिनी अंगणात पोचेपर्यंत मामा आत शिरलेही होते. मामा म्हणजे देखभाल विभागाचे फोरमन, कारखान्यातले सगळ्यांत जुने. तोंडाला ओलं फडकं बांधून, वाकून ते धुरात घुसले आणि पायलटला काखेत धरून फरफटत बाहेर घेऊन आले. पायलटचे डोळे उघडे होते. तो खोकत होता, आणि खोकता खोकता एकच विचारत होता, "वहिनी, मी बरोबरच केलं ना? बरोबरच केलं ना मी?"

२

दुपारी दवाखान्यातून नवऱ्याचा फोन आला.

"डॉक्टर म्हणतात, हा धूर छातीत गेला की लगेच कळत नाही. आता बरा वाटतो, मग अचानक फुप्फुसात पाणी भरतं. उद्यापर्यंत काही सांगता येत नाही." तो थांबला. मागे सासूबाईंचा आवाज येत होता. "आई विचारतेय… त्या पेट्या तूच तपासतेस ना?"

"हो."

"मग?"

फोन ठेवल्यावरही तो "मग" तिच्या कानात तसाच राहिला.

अग्निशमन दलानं पाण्याचे फवारे मारून गोदाम धुऊन काढलं होतं आणि त्यांची गाडी अजून फाटकापाशीच उभी होती. पेटी अंगणात आणून ठेवली होती. पिशवीच्या तळाशी मूठभर माल उरला होता. त्यात असायला हवी होती खनिजाची करडी भुकटी, अ‍ॅसिड गपगुमान शोषून घेणारी. निघाला लाकडाचा भुसा. मशीनखाली सांडलेलं तेल टिपायला वर्कशॉपमध्ये वापरतात तो. तीव्र नायट्रिकवर भुसा टाकणं म्हणजे आपल्या हातानं आग लावणं.

"आता हे मला समजावून सांगा," मॅनेजरसाहेब सगळ्यांसमोर म्हणाले. "पेटीला सील होतं. पायलटनं ते तोडलं ते आपण सगळ्यांनी पाहिलं. म्हणजे त्याआधी ते शाबूत होतं. आणि नवी सीलं कोणाच्या कपाटात असतात, वहिनी?"

"माझ्या."

"किल्ली?"

"माझ्याचकडे."

जमलेल्यांतले दोघंतिघं नकळत तिच्यापासून पाऊलभर सरकले. आजवर ज्यांनी तिच्या डब्यातला घास खाल्ला तेच हे लोक.

"सरका जरा, मला बसू द्या," मागून आवाज आला.

कारखाना तपासणी खात्याच्या बाई आल्या होत्या. पिकलेले केस, पायात माणूस चिरडेल असे जाड बूट, आणि गळ्यात दोरीला लटकणारा चष्मा. त्या सरळ पेटीशेजारी जमिनीवर मांडी घालून बसल्या, पेटी हळूच फिरवली आणि तिची पाठ बघत राहिल्या. सगळे सील असलेली पुढची बाजू बघत होते. पाठीकडे कोणी पाहिलंच नव्हतं.

"स्टोअरकीपर कोण?"

"मी," वहिनी पुढं झाली.

"तू माझ्याबरोबर राहायचं. मला वास येत नाही. तरुणपणी प्रयोगशाळेत नाक जाळून बसले. त्यामुळे मला दुसऱ्याचं नाक लागतं." मग साहेबांकडे न बघताच त्या म्हणाल्या, "ही पळून जाणार नाही. आणि तुम्हीही जाऊ नका."

३

त्यांनी पहिलं काम केलं ते कारखान्यातल्या बाकी दोन पेट्या उघडायचं. एक प्रयोगशाळेतली, एक टँकर रिकामा करतात तिथली. बाईंनी दोन्ही पिशव्या फाडायला लावल्या. वहिनीनं कात्री लावली. दोन्हीतून करडी भुकटी निघाली. स्वच्छ, कोरडी.

"देवा," वहिनी म्हणाली.

"तिन्ही पेट्या एकदमच आल्या होत्या?"

"हो. एकाच गाडीतून."

"मग माल पुरवणाऱ्याला सोडून देऊ. फसवायचं असतं तर तिन्हीत भुसा भरला असता. भानगड घरातलीच आहे."

प्रयोगशाळेतली केमिस्ट, नुकतीच लागलेली तरुण मुलगी, हात पाठीमागे धरून उभी होती. बाईंनी ते हेरलं.

"हात दाखव."

मुलीनं हात पुढं केले. उजव्या हाताची दोन बोटं टोकाला पिवळीधमक होती. नायट्रिक कातडीला लागलं की असा डाग पडतो. साबणानं घासा, दगडानं घासा, कातडी निघेपर्यंत तो जात नाही.

"कधीचा?"

"परवाचा. नमुना तपासताना." मुलीचे डोळे भरले. "हातमोजा फाटका होता. सांगितलं असतं तर साहेबांनी अख्ख्या प्रयोगशाळेला धारेवर धरलं असतं. पण त्या पेटीला मी हातही लावलेला नाही, खरंच!"

"रडू नकोस. नवे हातमोजे माग हिच्याकडून," बाई म्हणाल्या आणि निघाल्या.

साहेबांना त्यांच्या केबिनमध्ये गाठलं. ते येरझारा घालत होते.

"आत भुसा आहे हे मला माहीत असतं, तर मी टाक म्हणून ओरडलो असतो का?" ते चिडून म्हणाले. "दारातच उभा होतो मी. चार माणसांनी ऐकलंय. टाक लवकर, असं मीच म्हणालो त्याला." एवढं बोलून ते खुर्चीत बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. "मीच म्हणालो त्याला."

वहिनीला पहिल्यांदाच त्यांची कीव आली.

मामा वर्कशॉपमध्ये होते. ओल्या फडक्याचं पाणी अजून शर्टावर होतं, डोळे लाल. शेजारी जुन्या पोत्यात भुसा होता, पण तो तर तिथं कायमच असायचा. येणाराजाणारा कोणीही मूठभर उचलायचा.

"बसा बाई. वहिनी, तू पण बस गं. पाणी देतो." त्यांनी पेला भरला आणि टेबलावर ठेवला. टेबल डाव्या हाताला होतं. पेला कडेला अर्धवट टेकला आणि खाली पडून फुटला. "घाबरलोय, दुसरं काय," मामा ओशाळून हसले. "पोरगा कसा आहे?"

"उद्यापर्यंत सांगता येत नाही," वहिनी म्हणाली.

मामांनी मान खाली घातली. काचा उचलायला ते वाकले, तेव्हा बाई म्हणाल्या, "राहू द्या, हात कापेल." आणि बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिल्या.

बाहेर आल्यावर वहिनीचा धीर सुटला. "बाई, त्यांना कशाला त्रास? त्यांनी तर भाऊजींना ओढून काढलं. ते नसते तर…"

"माहीत आहे. चल, गोदामात जाऊ."

धुतलेल्या गोदामात बाईंनी एक लाकडी फळ्यांची चौकट बाजूला सारायला लावली. ती सांडलेल्या जागेपासून लांब, कोपऱ्यात होती. खालची फरशी खडबडीत, पांढुरकी, भाजल्यासारखी झालेली. बुटाच्या टाचेखाली वाळू झाल्यासारखी भुगा होत होती.

"हे आजचं नाही," वहिनी पुटपुटली.

"नाही. इथं आधीही सांडलंय. कोणीतरी ते गुपचूप टिपलं आणि वर ही चौकट ओढली." बाईंनी तिच्याकडे वळून पाहिलं. "आता नीट आठवून सांग. तू खिडकीत होतीस. कोण काय ओरडलं, आणि धूर कधी निघाला?"

वहिनीनं डोळे मिटले. पायलट वाकलेला. हातात पिशवी. साहेबांचा आवाज, टाक लवकर. आणि त्याच्यावरून, अंगणाच्या त्या टोकाकडून धावत येणारा दुसरा आवाज. थांब! ते टाकू नकोस! थांब! मग पिशवी फाटली. मग…

तिनं डोळे उघडले.

"धूर नंतर निघाला," ती म्हणाली. "थांब आधी होतं."

"आवाज कोणाचा?"

वहिनीला सांगायचं नव्हतं.

४

बाईंनी सगळ्यांना गोळा केलं नाही. वहिनीला घेऊन त्या पुन्हा वर्कशॉपमध्ये गेल्या आणि दार लोटून घेतलं. मामा काचा भरून तसेच बसले होते.

"फोरमन, मी बोलते, तुम्ही ऐका. चुकलं तर सांगा," बाई म्हणाल्या. "पेटीच्या झाकणाला पुढं सील आणि मागं बिजागऱ्या. बिजागऱ्यांच्या स्क्रूंवरचा रंग नुकताच खरवडलाय. म्हणजे सील न तोडता झाकण मागून उघडलं. ते कोण करेल? ज्याच्याकडे नवं सील नाही तो. ही स्टोअरकीपर असती तर तिनं सील कापून दुसरं लावलं असतं, तिला पेटीच्या मागं जायची काय गरज? म्हणून ही सुटली."

सकाळपासून पहिल्यांदा वहिनीला पूर्ण श्वास घेता आला.

"पिशवीचं तोंड कंपनीच्या शिलाईचं, तळ मात्र उसवून पुन्हा शिवलेला. भुकटी काढून भुसा भरला, दाबून पाहिलं तर फरक कळू नये म्हणून. का? कारण भुकटी वापरून झाली होती. गोदामात आधी एकदा अ‍ॅसिड सांडलं, ते कोणाला कळू द्यायचं नव्हतं. केमिस्टच्या हातून सांडलं असतं तर तिची स्वतःची पेटी शेजारी होती, आणि ती भरलेली आहे. साहेब टाक म्हणून ओरडले; आत काय आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं." बाईंनी आवाज खाली आणला. "आणि एक माणूस थांब म्हणून ओरडला. धूर निघायच्या आधी. करड्या भुकटीला भिण्यासारखं काही नव्हतं, फोरमन. भुशाला होतं."

मशीन बंद असलेल्या त्या खोलीत कुठंतरी नळ ठिबकत होता.

"मामा, नाही म्हणा ना," वहिनी म्हणाली.

"काय म्हणू पोरी?" मामांनी वर पाहिलं. "डाव्या बाजूचं दिसत नाही मला. डोळ्यांचा डॉक्टर म्हणाला, नस सुकत चाललीय, गेलेलं परत येणार नाही. सुट्टीच्या दिवशी एकटाच होतो. कॅन उचलताना शेजारचा दुसरा दिसलाच नाही, धक्का लागला. सगळं टिपलं, धुतलं. सांगितलं असतं तर विचारलं असतं, सांडलं कसं? मग डोळे तपासले असते. मशीनपासून दूर करून मला कुठंतरी खुर्चीवर बसवलं असतं, नाहीतर घरी." त्यांचा आवाज फुटला. "चार दिवसांचा प्रश्न होता. नवी भुकटी मागवायला एकाला सांगितलं होतं. आली की भरून टाकणार होतो. तोवर पेटी रिकामी दिसायला नको, एवढंच. तोवर कशाला काय होतंय, असं वाटलं."

"मला सांगायचं होतं," वहिनी म्हणाली. "मी दिली असती भुकटी. मी गप्प राहिले असते की नाही माहीत नाही, पण भुकटी नक्की दिली असती."

"तुझीच भीती वाटली. तू गप्प राहिली नसतीस."

ते खरं होतं, आणि म्हणूनच तिला जास्त लागलं.

बाईंनी मात्र चष्मा डोळ्यांवर चढवला होता. त्यांच्या चेहऱ्यावर गुंता सुटल्याचं समाधान नव्हतं. "फोरमन, वापरलेली भुकटी कुठं आहे? अ‍ॅसिड प्यायलेली?"

"मागच्या शेडमध्ये. निळ्या प्लास्टिकच्या पिंपात. झाकण लावून एकटीच ठेवलीय, कशात मिसळली नाही. एवढं कळतं मला."

"वर काही लिहिलं?"

"लिहिलं असतं तर कळलं नसतं का सगळ्यांना?"

"मामा, वर्कशॉपच्या मागचं निळं पिंप? कोऱ्या झाकणाचं?"

"तेच."

"त्यात सगळे तेलाच्या चिंध्या टाकतात हो! मागच्या आठवड्यापासून. कचऱ्याचंच असेल असं वाटलं सगळ्यांना."

मामा उठले ते खुर्ची पाडूनच.

५

शेड वर्कशॉपच्या भिंतीला लागून होती आणि भिंतीच्या अलीकडे संध्याकाळच्या पाळीची माणसं कपडे बदलत होती. तेल आणि नायट्रिक एका बंद पिंपात. वहिनी धावता धावता एवढाच विचार करत होती की आत माणसं किती असतील.

शेडच्या तोंडाशी बाईंनी हात आडवा धरला. "मला वास येत नाही. तू सांग."

वहिनीनं हवा हुंगली. नाकात सुया टोचल्यासारखं झालं. सकाळचाच वास. "आहे," ती म्हणाली. "आणि ते बघा, पिंपाची कूस फुगलीय."

झाकणाच्या कडेतून तपकिरी धुराचा बारीक दोरा वर येत होता.

"ढकलून बाहेर काढतो मी," म्हणत मामा पुढं झेपावले. वहिनीनं मागून त्यांचा शर्ट दोन्ही मुठींत पकडला. त्यांच्या डाव्या हाताला, अगदी पायाशी, लोखंडी सळ्यांचा ढीग होता आणि ते सरळ त्यात शिरत होते.

"सोड मला!"

"नाही सोडणार. तुम्हाला काय दिसतंय तिकडं? एकाला आज दवाखान्यात घातलंय, आता तुम्हाला पण नेऊ?"

सगळ्या कारखान्यात आजवर कोणी मामांवर ओरडलं नव्हतं. ते जागच्या जागी थिजले. तिनं त्यांना तसंच मागं ओढत अंगणापर्यंत आणलं, आणि मग छातीवर फटके मारावेत तशी वर्कशॉपच्या दारावर थापा मारत सुटली. "बाहेर! जसे असाल तसे बाहेर! वाऱ्याच्या उलट्या दिशेला!"

अर्धे कपडे घातलेली माणसं अंगणात सांडली. बाईंनी फाटकावरच्या अग्निशमनवाल्यांना हाक मारली. त्यांनी लांबूनच पाण्याचा झोत सोडला. पहिला झोत बसताच पिंपाचं झाकण उडालं, छपराच्या पत्र्यावर आदळलं, आणि आतून चिंध्यांचा जळता गोळा वर आला. बघता बघता पाण्यानं त्याला चेपलं. बराच वेळ नुसता फुसफुसाट चालू होता.

साहेबांनी माणसं मोजली. मग पुन्हा मोजली. सगळी होती.

"कोणी केलं हे?" कोणीतरी विचारलं.

बाई काही बोलायच्या आत मामा पुढं आले. "मी," ते म्हणाले. "वहिनीचा काही संबंध नाही. सगळं मी केलं." आणि एवढ्या माणसांसमोर ते खाली बसले.

६

दवाखान्याच्या व्हरांड्यात सासूबाईंनी वहिनीला बघितलं आणि शेजारची जागा पदरानं झटकून दिली. नवरा तिची नजर चुकवत होता. ती त्याच्याजवळ बसली नाही. उद्या बसेल कदाचित.

मामा बाईंबरोबर आले होते. बाईंनी त्यांचा जबाब घेतला होता. पुढं जे व्हायचं ते होणार होतं, त्यात त्यांनी काही खोटा दिलासा दिला नाही. त्या बाहेरच थांबल्या.

"त्याला भेटू दे मला," मामा वहिनीला म्हणाले.

"भेटा. पण आधी सांगायचं, मग तब्येत विचारायची."

पायलट उशांना टेकून बसला होता. नाकावर नळी, ओठ कोरडे. मामांना बघून त्याचा चेहरा उजळला. उठायला बघत तो म्हणाला, "मामा, तुम्ही नसतात तर…"

"थांब. ऐक आधी."

मामांनी उभ्यानंच सांगितलं. भुसा, स्क्रू, सुट्टीचा दिवस, डोळा. काही झाकलं नाही, काही कमी केलं नाही. वहिनी पायलटच्या छातीकडे बघत होती. श्वास वर, श्वास खाली. मध्येच तो अडकला की तिचाही अडकत होता.

पायलटनं मान भिंतीकडे वळवली.

"जा तुम्ही," तो म्हणाला.

मामा वळले. दार डावीकडे होतं. त्यांचा खांदा चौकटीला आदळला. त्यांनी हातानं चौकट चाचपली, बाहेर पडले. त्यांच्या चपलांचा आवाज व्हरांड्यातून जिन्याकडे निघाला, अडखळत.

पायलट तो आवाज ऐकत होता. त्याचे डोळे भिंतीवरच होते आणि त्यांतून पाणी वाहत होतं.

"वहिनी."

"बोला भाऊजी."

"बाहेर अंधार पडायला लागला असेल ना?"

"पडायला लागलाय."

त्यानं एक लांब श्वास घ्यायचा प्रयत्न केला. खोकला आला, थांबला.

"मग नुसती बसलीस काय? जिन्याला कठडा नाहीये डाव्या बाजूला," तो रागानंच म्हणाला. "जा. हात धर त्यांचा."